भिंतीवरचा कापूस

अहो पेंटर,

या नावाने मी तुम्हाला कधी हाक मारली नाही. सारं गाव मारायचं, फुलसावंगीपासून उमरखेडपर्यंतचे दुकानदार मारायचे, तुमची सख्खी आईसुद्धा शेवटी शेवटी ‘पेंटर जेवला काय?’ असंच विचारायची. मी मात्र लग्नापासून ‘अहो’वर अडले ते अडलेच. आता तुम्ही वळून पाहणार नाही, म्हणून आज हौस भागवून घेते.

तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले, उसन्या आणलेल्या सतरंज्या ज्याच्या त्याच्या घरी पोचल्या. आपली माधुरी सुट्टी वाढवून राहिली आहे. तिला वाटतं मी एकटी पडेन. मला वाटतं ती तुमच्या भिंतीवर पहारा द्यायला राहिली आहे. घरात दोघीच आहोत आणि दोघी एकाच भिंतीकडे पाहतो.

न्हाणीमागे चुन्याचा ड्रम परवापर्यंत तसाच भरलेला होता. पोळा झाल्यावर तुम्ही दरवर्षीसारखी त्यात चुनखडी टाकली, पाणी ओतलं, ड्रम रटरटायला लागला तशी मला लांबूनच ‘मागं सर, मागं सर’ म्हणालात. त्या दिवशी आपलं भांडण झालं होतं. ते अर्धंच राहिलं. भांडण अर्धं टाकून निघून जायची तुमची सवय जुनीच, पण दरवेळी जेवणाच्या वेळेला परत यायचात.

ज्यांनी आपलं घर पाहिलं नाही त्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगते. तुम्हीही ऐका, कारण माझ्या तोंडून हे तुम्ही कधी पुरतं ऐकून घेतलं नाही. बैठकीच्या खोलीचं दार पश्चिमेला. दारासमोरची भिंत तुमची. दिवाळीच्या आधी ती चुन्याने पांढरीफेक व्हायची. दिवाळी झाली की तुम्ही रोज संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, जाऊन बसायचे. सूर्य बुडाला, कापसाची पऱ्हाटी काळी पडली, माती काळी पडली, की फुटलेला कापूस तेवढा थोडा वेळ दिसत राहतो. जणू दिवसभराचा उजेड त्यानं धरून ठेवलेला असतो. तेवढंच तुम्हाला काढायचं होतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुम्ही तेच काढत होतात आणि गेलात तेव्हाही तेच.

आणि काढायचं कसं, तर पांढऱ्या रंगाला हात न लावता. अंधार तेवढा रंगवायचा. कापसाच्या जागी भिंतीचा चुना तसाच कोरा सोडायचा. होळीपर्यंत तुमचं हे चालायचं. मग उन्हाळाभर भिंतीसमोर बाज टाकून पडून राहायचं आणि एक दिवस जाहीर करायचं, ‘हुकलं.’ कधी अक्षयतृतीयेला, कधी पेरणीच्या घाईत, एकदा तर माधुरीला पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या समोर. ते बिचारे दचकले, त्यांना वाटलं पोरीबद्दल बोलताहेत. मग पोळ्यानंतर चुना भिजायचा आणि दिवाळीआधी तुम्ही स्वतः कुंचा घेऊन सगळं पुसून टाकायचे. पुन्हा पांढरी भिंत, पुन्हा धुरा.

लोकांच्या घरी लक्ष्मी यायची वेळ म्हणजे दिवेलागण. आपल्या घरी भिंतीवरचा कापूस पाहायचा म्हणून त्या वेळेला दिव्याच्या बटणाला हात लावायची बंदी. सासूबाई ओट्यावरून करवादायच्या, ‘लक्ष्मी दाराशी येऊन उभी हाय आन घरात मसणवटा! वापस जाईन ना बाप्पा ते!’ आणि तुम्ही आतून म्हणायचे, ‘थांबव तिले जराशी. कापूस विझू दे.’ लक्ष्मी आपल्याकडे फारशी का थांबली नाही, याचं कारण सासूबाईंना शेवटपर्यंत पक्कं ठाऊक होतं.

तुमच्या अंधाराने मला काय काय दाखवलं! तव्याची आतली-बाहेरची काजळी खरवडून नेली म्हणून माझ्या भाकरी तव्याला चिकटायच्या. तुरीच्या तुराट्या जाळून राख केली. पळसाची फुलं उकळली, कात कुटला. एका वर्षी म्हणालात, काळं अजून खोल पाहिजे, आणि बिब्बे फोडून त्यांचं तेल काढलं. जगात कोणी चित्रासाठी बिब्बा वापरला असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी बिब्बा असा उतला की तुमचं तोंड कलिंगडाएवढं झालं, डोळे दिसेनात, आणि खाजेने तुम्ही खांबाला पाठ घासत उभे. मी खोबरं वाटून तोंडाला थापत होते आणि शिव्या देत होते. त्या सुजलेल्या तोंडातून तुम्ही विचारलं, ‘ते जाऊ दे. काळं कसं आलं ते सांग, मले दिसून नाई राह्यलं.’ मी सांगितलं, चांगलं आलं. खरंच चांगलं आलं होतं हो.

पोट भरायला तुम्ही पाट्या रंगवायचे. तेव्हा फ्लेक्स नव्हते, पेंटरला भाव होता. पण पोटाच्या कामातही तुमचं खूळ घुसायचंच. उमरखेडच्या त्या कापड दुकानदाराने साडीतली बाई काढायला सांगितली होती. तुम्ही सगळी पाटी रात्रीसारखी काळीनिळी केली आणि मधे दुकानाच्या नावाची अक्षरं तेवढी उघडी सोडली. तो म्हणाला, ‘पेंटर, हे दुकान हाय का भुताचा बंगला? बाई कुठं हाय?’ तुम्ही म्हणालात, ‘दुकान बंद झालं, बाई घरी गेली.’ मी तुमच्यासोबत बाजाराला आले होते. एसटी स्टँडपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही, आणि एसटीत बसल्यावर मला जे हसू फुटलं ते गाव येईपर्यंत थांबलं नाही.

माझ्या अंगणवाडीच्या भिंतीचंही आठवतं. वरून आलेल्या नमुन्यात ‘अ’ अननसाचा होता. तुम्ही म्हणालात, ‘इथल्या एका तरी लेकरानं अननस पायला काय?’ आणि अंबाडीचं झाड काढलं, लाल देठांसकट. तपासणीला आलेल्या मॅडमनी मला फैलावर घेतलं. मी तोंडावर हो हो केलं आणि भिंत तशीच ठेवली. पोरं त्या अंबाडीवर हात ठेवून ‘अ’ म्हणायची आणि घरी जाऊन आईला अंबाडीची भाजी मागायची. माझ्या साऱ्या नोकरीत मी एवढा एकच हुकूम मोडला, आणि तो तुमच्यासाठी.

भांडणं आपली दोन होती. बाकीची नुसती कुरबुर.

पहिलं निळीचं. सारं जग चुन्यात नीळ घालतं, भिंत झगझगते. तुम्ही घालू द्यायचे नाही. ‘निळीनं दिवसा चमकते, अंधार पडला का मरते,’ असं म्हणायचे. त्यामुळे दिवाळीत साऱ्या गल्लीत आपलंच घर फिकट दिसायचं आणि जावा मला टोमणे मारायच्या. हे भांडण मी कधीच सोडून दिलं. चार वर्षं संध्याकाळी त्या भिंतीसमोर बसले आणि मला स्वतःलाच ते दिसायला लागलं.

दुसरं मात्र मी सोडलं नाही. तुमच्या चित्रात माणूस नव्हता. कधीच नव्हता. मी विचारायचे, ‘तुमचा कापूस वेचते कोण? तुमचा ब्रश? सकाळपासून कमरेला ओटी बांधून आम्ही वाकतो, नखाकडेची कातडी सोलून निघते, आन चित्रात आमचा एक पदर सुदा नाई!’ तुम्ही म्हणायचे, ‘अवं, माणूस आला का लोक माणसालेच पायतात. उजेड कोणी पाहात नाई.’ मी म्हणायचे, ‘मंग पाहू द्या ना माणसाले!’ आणि तुम्ही ब्रश धुवायला उठायचे. तुमच्याकडे उत्तर नसलं की तुमचे ब्रश फार मळायचे.

एका वर्षीचं चित्र मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. त्यात डाव्या कोपऱ्यात जमीन थोडी उतरत गेली होती, आपल्या शेताच्या नाल्याकडे उतरते तशी, आणि तिकडचा कापूस विरळ होत गेला होता. ते वर्ष मला आईचं होतं. आई गेली होती आणि मी रोज संध्याकाळी त्या कोपऱ्याशी बसायचे. तुम्हाला म्हटलं, ‘हे एक राहू द्या. पुढल्या साली बाजूची भिंत घ्या.’ दिवाळीआधी एका दुपारी मी अंगणवाडीतून आले तर ओला चुना नाकात शिरला आणि भिंत कोरी होती. मी तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्ही चार दिवस माझ्या मागे मागे फिरलात, पाणी भरलंत, दळण आणलंत, पण चुकलो असं काही म्हणाला नाहीत. पाचव्या दिवशी एवढंच बोललात, ‘तुले ज्याच्यासाठी पाहिजे होतं ते समजून राह्यलं मले. पण हुकलेलं होतं व ते. हुकलेलं मी तुह्यासाठी कसं ठेवू?’ त्याचा राग मला आजही आहे. आणि त्याच वाक्यासाठी मी तुमच्यावर जीव टाकला, तेही खरं आहे.

आता यंदाचं.

यंदा होळी झाली, ब्रश धुवून माळ्यावर गेले, आणि तुम्ही बाज टाकलीत. मी वाट पाहत राहिले. अक्षयतृतीया गेली, तुम्ही बोलला नाहीत. पेरणी झाली, डवरणी झाली, सोयाबीन फुलावर आलं, तरी ‘हुकलं’ आलं नाही. मी विचारत नव्हते. विचारलं की तो शब्द तुमच्या तोंडून पडेल, अशी भीती होती. तुम्ही संध्याकाळी पाहत बसायचे, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून तुम्हाला पाहत असायचे. मनात आलं, या माणसाला जमलं वाटतं. तुम्हाला जमलं तर मग पुढं तुम्ही काय करणार, हीही एक काळजी लागली.

आणि पोळ्यानंतर तुम्ही चुना भिजवला.

तेव्हा मी भडकले. ‘तुम्ही हुकलं म्हटलं नाई, मंग चुना कायले भिजवला?’

तुम्ही ड्रममध्ये काठी फिरवत होतात. ‘दिवाई येऊन राह्यली ना.’

‘दिवाई दरसाल येते. मले सांगा, जमलं का हुकलं?’

‘चुना मुरू दे. मंग सांगतो.’

‘आत्ता सांगाले काय होते?’

‘अवं, मुरू दे म्हटलं ना.’ आणि काठी ड्रमला टेकवून तुम्ही गावात निघून गेलात. जेवायला आलात तेव्हा वरणात मीठ कमी आहे म्हणालात, तेवढंच. पितृपक्ष संपता संपता एका दुपारी ओट्यावर बसल्या जागी छातीत कळ आली. पुसदला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. गाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी वेड्यासारखी एकच विचारत होते, माधुरी फोनवर होती, तिने ऐकलं, ‘अहो, सांगा ना. जमलं का?’ लोकांना वाटलं असेल, हिला भ्रम झाला.

तर आता सगळे माझ्यासाठी ठरवून मोकळे झाले आहेत. तुमचे मोठे भाऊ म्हणाले, ‘वर्षभर या घरात सण नाई. चुना लावाचा नाई. रिवाज हाय तो.’ माधुरी म्हणते, ‘आई, बाबांचं शेवटचं आहे ते, हात नको लावूस.’ तिने मोबाईलवर पन्नास फोटो काढले. एकही नीट येत नाही. मोबाईल अंधार कबूलच करत नाही, जे तुम्ही काळं केलं ते तो उजळून टाकतो. पुसदचे ड्रॉइंगमास्तर भेटायला आले होते. तुमच्यासोबत दिवाळीच्या सुट्टीत धुऱ्यावर बसायचे तेच. बैठकीत आले, बसायचं विसरले, भिंतीसमोर उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, नागपूरहून ओळखीच्या लोकांना आणतो, मोठे दिवे लावून नीट फोटो काढू, वर काच बसवू. त्यांचा हेतू सोन्यासारखा आहे. मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

कारण त्या सगळ्यांचं बरोबर असलं तरी तुमचं काय, हे कोणी विचारत नव्हतं. तुम्ही उभ्या जन्मात एक हुकलेलं चित्र टिकू दिलं नाहीत. बायकोने आईच्या नावाने मागितलं तरी ठेवलं नाहीत. हे जर हुकलेलं असेल, आणि मी त्यावर काच बसवून नागपूरच्या लोकांना बोलावलं, तर ती तुमची अब्रू मी वेशीला टांगली. आणि जमलेलं असेल आणि मी कुंचा फिरवला, तर मग मी कोण? तुमचा एवढा जन्म त्या भिंतीत गेला, तो मी पुसून टाकणार? चुना तुम्ही भिजवला तो निकाल म्हणून की सवय म्हणून, हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक? रात्री अंथरुणात मी तुमच्यावर दात खात असते. एक शब्द होता हो. सांगून गेला असता तर काय बिघडलं असतं?

शिवाय चुना शिळा होतो, हे मला तुम्हीच शिकवलं. धूळ बसते, ओल येते, पांढरं पिवळं पडतं. ठेवलं तरी ते चित्र आहे तसं राहणार नाही. दोन-तीन वर्षांत तुमचा कापूस विझेल. तुम्ही तर म्हणायचे, शिळ्या चुन्याचा कापूस म्हणजे कालची भाकर.

परवा धानीबाई आली. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, माझ्यासोबत कापूस वेच्याला येते ती. यंदा पहिल्या वेच्याची सीतादही, शेतातली पूजा, तिनेच केली. आपल्या शेतात दहीभात शिंपडायला मला यंदा चालत नव्हतं. ती न्हाणीमागे पाय धुवायला गेली आणि तिथूनच ओरडली, ‘बाई, एवढा चुना कोनाचा व?’

मी म्हटलं, ‘त्यायचा. भिजवून गेले.’

तिने काठीने ढवळून पाहिलं, बोटावर घेऊन चोळला. ‘लोण्यावानी मुरला. असा तर दुकानात भेटत नाई.’ मग म्हणाली, ‘तुमच्या घरी तर यंदा लागत नसन?’

‘नाई.’

‘मंग सुकून जाईन ना बाई. आमच्या तांड्यात मेऱ्याच्या पोरी येतात दिवाईले दिवे घेऊन. घरं पांढरी नसली तर बरं नाई दिसत.’ दिवाळीच्या अमावस्येला तांड्यातल्या कुवार पोरी हातात दिवा घेऊन घरोघर थोरांना भेटतात, तो त्यांचा मेरा. तुम्ही एकदा पाहायला गेला होतात.

मी तिला म्हटलं, ‘घेऊन जा.’ बोलून गेले आणि मग ध्यानात आलं, तुम्ही हाताने भिजवलेली शेवटची गोष्ट होती ती. माधुरी माझ्याकडे पाहायला लागली. पण शब्द गेला होता. आणि मी एक अटही घातली, ‘नीळ घालाची नाई.’ धानीबाईला कळलं नाही, तरी मान हलवली.

त्या दिवशी दुपारपासून बायका आल्या. बादल्या, घमेली, तेलाचे डबे, एकीने तर कळशी आणली. तांड्यातल्या आल्या तशा आपल्या गल्लीतल्याही आल्या. घराला डिस्टेंपर लावणाऱ्यांनीसुद्धा गोठ्यासाठी नेला. ज्या जावांनी मला निळीवरून टोमणे मारले त्या पण. ‘पेंटरचा चुना’ म्हणत होत्या. कोणी रडलं नाही, उलट कलकलाट होता, तुमच्या बिब्ब्याची गोष्ट निघाली आणि सगळ्या खिदळल्या. मीही हसले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. ड्रमच्या तळाशी खडे तेवढे राहिले.

काल दिवसभर वेचा होता. संध्याकाळी मजूर बायका पुढे निघून गेल्या आणि मी धुऱ्यावर बसले, तुमच्या जागी. सूर्य बुडाला. कापूस वेचून झाला होता, त्यामुळे शेतात काही दिसायचं नव्हतं; पऱ्हाटी काळी पडली आणि संपली. उठावं म्हणून मी वळले, तर पलीकडे टेकाडावर तांडा. सगळं काळं झालं होतं, झाडं, वाट, टेकाड, आणि भिंती तेवढ्या दिसत होत्या. चांगल्या दहा-बारा. ओल्या चुन्याच्या, बिननिळीच्या. दिवे अजून लागले नव्हते. तुमचंच ते चित्र.

आणि त्या भिंतींसमोर बायका होत्या. कोणी कुंचा धुवत होती, कोणी लेकराला हाक मारत होती, एकजण उगीच कमरेवर हात देऊन आपल्या भिंतीकडे पाहत उभी होती. काळ्या काळ्या, हलणाऱ्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, भिंतींकडेही पाहिलं. उजेड कुठे गेला नाही हो. माणसं आली म्हणून तो काही हलला नाही. हे भांडण मी जिंकले, आणि ‘पाहा’ म्हणायला शेजारी कोणी नव्हतं. मी तिथे बसून मोठ्याने रडले. तेरवीपर्यंत जे रडले ते लोकांच्या देखत होतं, हे माझं होतं.

घरी आले तेव्हा चांगला अंधार पडला होता. माधुरीने दिवा लावला नव्हता. बैठकीत बाजेवर बसून होती, तुमच्यासारखीच. मी तिच्याजवळ बसले. भिंतीवरचं आता जवळजवळ विझलं होतं, अगदी थोडं शिल्लक होतं. ती हळूच म्हणाली, ‘आई, काय ठरवलंस? बाबांना जमलं होतं का गं हे?’

मी म्हटलं, ‘मले नाई माहीत.’

हे म्हणताना पहिल्यांदाच त्याचा त्रास झाला नाही. मला नाही माहीत. तुम्ही सांगितलं नाही, आता कोणी सांगणार नाही, ड्रॉइंगमास्तर नाही आणि नागपूरचे लोकही नाहीत. इतकी वर्षं या घरात दरसाल एकच सवाल होता, पेंटरला जमलं की नाही. सगळे तुमच्या तोंडाकडे पाहायचे, मीही पाहायचे. भिंतीसमोर रोज संध्याकाळी दुसरं एक माणूस बसत होतं, त्याला काय वाटतं हे तुम्ही कधी विचारलं नाही. तुमच्या ते ध्यानातच आलं नसेल, तुम्ही त्या बाबतीत आंधळेच होतात.

तर न विचारता सांगते. जमलं असेल, हुकलं असेल, ते तुमचं तुमच्याबरोबर गेलं. काच बसवणार नाही, मोठे दिवे लावू देणार नाही. कुंचाही फिरवणार नाही, या वर्षी नाही आणि पुढच्याही नाही. पिवळं पडेल तसं पडू दे, मीही पडतेच आहे. कोणी विचारलं, पेंटरचं हे चित्र कसं आहे, तर मी सांगेन, ते मला ठाऊक नाही. पण मला आवडतं.

फार आवडतं हो.